एमएसची (साध्या पोलादाची) डे टँक सात महिन्यांत गळली. दोष 'बायो' तेलाचा की टाकीच्या वयाचा?

रबाळे_मेंटेनन्स
१२ जुलै, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत रेझिनचं छोटं युनिट आहे, तिथे मी मेंटेनन्स बघतो. मी आणि दोन हेल्पर, एवढंच आमचं खातं. ४ लाख किलोकॅलरीचा थर्मिक फ्लुइड हीटर (फिरत्या तेलातून उष्णता पुरवणारी भट्टी) आहे, डिसेंबरापर्यंत एलडीओवर (लाइट डिझेल ऑइल) गुण्यागोविंदाने चालला. डिसेंबरात शेठनी एलडीओ बंद करून 'बायो फर्नेस ऑइल' सुरू केलं. लिटरमागे चांगलं स्वस्त. सप्लायरने एका पानाची डेटाशीट दिली: उष्मांक ९,५००, सल्फर नगण्य, 'शंभर टक्के शेतीजन्य'. शेठ म्हणाले, सल्फर नाही म्हणजे अ‍ॅसिड नाही, मग काळजी कसली?

उष्मांकात फसवणूक नाही, हीटर तापमान धरतो. पण तेल दाट आहे म्हणून डे टँकमध्ये (बर्नरजवळची रोजच्या तेलाची टाकी) इलेक्ट्रिक हीटर टाकून ते ६५ अंशांवर ठेवावं लागतं. फेब्रुवारीपासून स्ट्रेनर दर चार दिवसांनी चोक होतोय. जाळीवर डांबरासारखा चिकट गोळा बसतो, डिझेलने धुतला तरी अर्धाच निघतो. मेमध्ये गिअर पंपाचं सील गेलं, बुश हिरवट पडलेलं. तोपर्यंत मी म्हणत होतो, तेल दाट आहे, चालायचंच.

गेल्या बुधवारी सकाळी आलो तर डाइक वॉलमध्ये (टाकीभोवतीच्या बांधात) घोटाभर तेल. डे टँक ५०० लिटरची, एमएस, ५ मिमी प्लेट, २००९ साली बनवलेली. तळाच्या वेल्डला लागून पेन्सिल जाईल एवढं भोक. टाकी रिकामी करून आत बॅटरी मारली. वरचा भाग ठीक, तळापासून वीतभर मात्र काळा बुळबुळीत थर. खरवडला तर खाली पत्रा चकचकीत आणि त्यात मसुराच्या दाण्याएवढे खड्डे. गंज म्हणजे लाल पोपडे हेच आजवर पाहिलेलं, असला चकचकीत गंज पहिल्यांदा पाहिला.

आता भांडण असं आहे. सप्लायर म्हणतो टाकी जुनी होती. शेठनाही तेच पटतंय, कारण ते स्वस्तात पडतं. फॅब्रिकेटरने दोन कोटेशन्स दिलीत: एक एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील), दुसरं एमएसला आतून इपॉक्सीचा लेप, जवळजवळ तिसऱ्या हिश्शात. सोमवारी शेठसमोर काय बोलू?

जाता जाता, स्ट्रेनर साफ करणाऱ्या हेल्परच्या मनगटापासून कोपरापर्यंत फोड आलेत. गरम तेल उडालं असेल म्हणून डॉक्टरांनी भाजल्याचं मलम दिलं. तो म्हणतो, उडालंच नाही.

---

घणसोली_फिटर
१३ जुलै, सकाळी ७.०५

मित्रा, हे टायर ऑइल आहे. बायोबियो काही नाही, जुने टायर वितळवून काढतात आणि नाव बदलून विकतात. डोळे झाकून सांगतो.

---

टाक्यांचा_डॉक्टर
१३ जुलै, सकाळी ९.३०

डोळे उघडे ठेवून सांगितलेलं बरं. टायर ऑइल हा मूळचा हायड्रोकार्बनचा माल, त्यात सल्फर चांगलाच असतो आणि वास रबराचा येतो. यांची तक्रार त्या जातीची वाटत नाही.

रबाळेवाले, मी तीस वर्षं इंधनाच्या टाक्या तपासल्या, आता नौपाड्यात निवृत्तीचा चहा पितोय. तुमच्या वर्णनातला महत्त्वाचा शब्द 'वीतभर'. तेलाने खाल्लं असतं तर भिंत वरपर्यंत सारखी खाल्ली गेली असती. फक्त तळ आणि वेल्ड खाल्लाय याचा अर्थ खाली पाणी साचलंय आणि तेलातलं काहीतरी त्या पाण्यात उतरलंय. एलडीओच्या टाकीतही तळाला पाणी असतंच. व्हेंटमधून दमट हवा आत जाते, रात्री टाकी गार झाली की थेंब धरतात. पावसाळ्यात नवी मुंबईची हवा म्हणजे ओला पंचाच. पण ते पाणी साधं असतं, पत्रा खायला त्याला वर्षं लागतात. तुमचं पाणी साधं नाही.

चार गोष्टी सांगा. ड्रेन कॉक शेवटचा कधी उघडला? हीटरचा पॉकेट तळापासून किती उंचीवर आहे? व्हेंटला सिलिका जेलचा ब्रीदर (हवेतली ओल शोषणारा) आहे की नुसता हंसमान पाइप? आणि पत्र्याची आजची जाडी किती? अल्ट्रासॉनिक गेज भाड्याने मिळतो. भोकाजवळ, तळाच्या मध्यावर आणि भिंतीवर कमरेच्या उंचीला, असे तीन-तीन आकडे घ्या. ते हातात नसताना शेठसमोर बोलू नका.

---

रसायनवाली_कोपरी
१३ जुलै, दुपारी १.१५

टाकीआधी हेल्परच्या हाताकडे बघा! फोड गरम तेलाचे नसतील तर ते 'उतलेलं' असू शकतं. बिब्बा उततो तसं. बिब्बा, काजू, आंबा एकाच कुळातले. शेतीजन्य, दाट, तपकिरी-काळं, ९,५०० च्या आसपास उष्मांक आणि वर अंगाला फोड, म्हणजे मला काजूच्या टरफलाच्या तेलाचा दाट संशय आहे. व्यापारात त्याला सीएनएसएल म्हणतात, त्याला भारतीय मानकही आहे, आयएस ८४०. काजू कारखान्यांचा जोडमाल. रेझिन, ब्रेक लायनिंग, रंग यांत जातो आणि उरलेला भट्टीत. (गंमत म्हणजे तुमच्या रेझिनवाल्या शेठनाच तो कच्चा माल म्हणून माहीत असायला हवा.)

कच्च्या तेलात निम्म्याहून जास्त अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं. सॅलिसिलिक आम्लाला पंधरा कार्बनांची लांब शेपटी लावली की झालं अ‍ॅनाकार्डिक. तेल नीट तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून कार्डेनॉल उरतं आणि आम्लता खूप खाली येते. ज्याने घाईत विकलं त्याने तापवलंच नसणार. कच्च्या तेलाची अ‍ॅसिड व्हॅल्यू (आम्ल किती ते सांगणारा आकडा) १०० च्या आसपास असते. तुलनेसाठी, बायोडिझेलला मर्यादा ०.५ ची आहे. सल्फर शून्य हे खरंच असेल हो, पण सल्फरचा आणि या आम्लाचा काही संबंध नाही. डेटाशीटवर अ‍ॅसिड व्हॅल्यूची ओळ आहे का बघा. नसणारच.

तो चकचकीत गंजही त्यामुळेच. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते, आठवतंय? हिरड्यातले फिनॉल लोखंडाला मिठी मारतात आणि त्याला घेऊन द्रावणात जातात. इथेही तेच. लाल गंजाचा थर पत्र्यावर बसतच नाही, बसण्याआधीच लोखंड विरघळून जातं. तुमचा काळा थर म्हणजे बरीचशी शाईच.

हे झालं काजूचं. लाकडाचं पायरोलिसिस तेल असेल तर कथा वेगळी, पण शेवट हाच. लाकूड किंवा भुसा हवेशिवाय तापवला की त्यातून अ‍ॅसेटिक आणि फॉर्मिक आम्लं निघतात. त्या तेलाचा पीएच २ ते ३, आणि त्यात पाव हिस्सा पाणीही असू शकतं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने अशा तेलात वेगवेगळ्या स्टीलच्या पट्ट्या बुडवून ठेवल्या होत्या. साधं कार्बन स्टील वाईट खाल्लं गेलं, बॉयलरवाल्यांचं सव्वादोन टक्के क्रोमियमचंही, आणि ३०४, ३१६ जवळजवळ जशीच्या तशी राहिली. क्रोमियम पुरेसं असेल तरच वरचा ऑक्साइडचा पापुद्रा टिकतो.

ओळखायचं कसं? काचेच्या बाटलीत थोडं तेल आणि तेवढंच डिझेल घालून हलवा. लाकडाचं तेल डिझेलमध्ये मिसळत नाही, वेगळं होऊन खाली बसतं. काजूचं मिसळतं. मग दुसऱ्या बाटलीत तेल आणि डिस्टिल्ड वॉटर घालून हलवा, रात्रभर ठेवा आणि फक्त पाण्याला पीएच पेपर लावा. हातमोजे नायट्राइलचे घाला. आणि वास घ्या, पण नाक बाटलीत घालून नव्हे.

---

तुर्भे_जुगाड
१३ जुलै, दुपारी ३.००

एवढं कशाला? अ‍ॅसिड आहे ना, मग टँकरमागे दोन किलो कॉस्टिक सोडा टाका. अ‍ॅसिड मेलं, विषय संपला.

---

रसायनवाली_कोपरी
१३ जुलै, दुपारी ३.४०

दादा, लांब शेपटीचं आम्ल अधिक कॉस्टिक म्हणजे साबण! तेल-पाण्याचा फेस होईल आणि तो कशानेच फुटणार नाही. स्ट्रेनर चार दिवसांनी चोक होतोय, मग चार तासांनी होईल. शिवाय सगळा सोडियम ज्योतीतून जाऊन कॉइलवर राख म्हणून बसेल, ते आणखी वेगळं दुखणं.

---

तळोजा_बॉयलर
१३ जुलै, संध्याकाळी ६.२०

आमच्याकडे घन इंधन, ब्रिकेट. तिथेही बायोमास लोखंड खातोच, पण वेगळ्या वाटेने. पेंढा, कुटार, पाचट यांत पोटॅशियम आणि क्लोरीन असतं. मोठ्या को-जनरेशन बॉयलरच्या सुपरहीटरवर पोटॅशियम क्लोराइड बसतं, क्लोरीन ऑक्साइडच्या खाली शिरून लोखंडाचं क्लोराइड करतं, ते बाहेर येऊन ऑक्साइड होतं आणि क्लोरीन पुन्हा मोकळा. स्वतः संपतच नाही. आमचा १०.५ किलो दाबाचा साधा बॉयलर, वाफ १८५ अंशांच्या आसपास, त्यामुळे ते लचांड आमच्यापर्यंत येत नाही. आमचं खातं ते रविवारी. बॉयलर बंद, राख गार, हवा दमट. राखेतले क्षार पाणी ओढतात आणि एअर प्रीहीटरच्या नळ्या ओल्या राखेखाली सडतात. शनिवारी रात्री राख झाडून काढायला लागलो तेव्हापासून नळ्या टिकतायत.

---

कळवा_स्कूटर
१३ जुलै, रात्री ८.१०

ई२० पेट्रोलने स्कूटरची टाकी पण अशीच गळेल का हो?

---

टाक्यांचा_डॉक्टर
१३ जुलै, रात्री ८.३०

नाही. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका एवढंच. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे याची टाकी आधी.

---

रबाळे_मेंटेनन्स
१५ जुलै, रात्री १०.५५

काका, ताई, दंडवत.

आधी हेल्परचं सांगतो. वैभव, सावंतवाडीचा पोरगा. त्याला बाटली नुसती उघडून दाखवली. लांबूनच म्हणाला, "साहेब, ह्यो काजीचो वास. आमच्याकडे टरफलं भाजतत तेव्हा अख्ख्या वाडीत येता." सात महिने स्ट्रेनर साफ करतोय. मी म्हटलं, आधी का नाही बोललास? म्हणाला, तुम्ही बायो फर्नेस ऑइल म्हणालात, मला वाटलं मुंबईचं काहीतरी असेल. आता काय बोलणार! त्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, उतल्याचं सांगितलं, औषध बदललं.

डिझेलमध्ये मिसळलं, म्हणजे काजूचं. पण पाण्याची बाटली बघून चक्रावलो. पीएच पेपर ३ च्या रंगावर गेला. ताई, तुमचं अ‍ॅनाकार्डिक आम्ल तर पाण्यात फारसं विरघळत नाही ना? मग?

काका, तुमचे प्रश्न. ड्रेन कॉक एलडीओच्या दिवसांत महिन्याला उघडायचो. डिसेंबरनंतर एकदाही नाही, कारण दाट तेलाने तो जाम झाला आणि मी 'नंतर बघू' केलं. इथे माझी चूक आहे, लपवत नाही. हीटरचा पॉकेट तळापासून चार इंचांवर. व्हेंट नुसता पाइप, ब्रीदर नाही. जाडी: कमरेच्या उंचीला ४.६, तळाच्या मध्यावर २.२, वेल्डजवळ १.१ ते १.४ मिमी.

---

रसायनवाली_कोपरी
१६ जुलै, सकाळी ८.००

मग हे तेल घाण्यात दाबून काढलेलं नसणार. टरफलं भट्टीत भाजून निघालेलं असेल तर टरफलाच्या लाकडी भागाचंही पायरोलिसिस होतं, त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल येतं आणि ते थेट पाण्यात उतरतं. म्हणजे वर काजूचं तेल, खाली धुराचा शिरका. दोन्ही कथा तुमच्याच टाकीत.

---

टाक्यांचा_डॉक्टर
१६ जुलै, सकाळी ९.१०

आणि त्या शिरक्याच्या चार इंच वर तुम्ही शेगडी पेटवून ठेवलीत. छान.

आता वाद मिटवायचा तर एकच रस्ता: पट्ट्या टांगा. एमएसची ५० × २५ × ३ मिमीची पट्टी घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, तुमच्या क्यूसीच्या (माल तपासणाऱ्या लॅबच्या) काट्यावर वजन करा. एक पट्टी तेलात, एक तळाच्या पाण्यात, ६५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये १४ दिवस. सोबत ३०४ चीही एकेक. बाटल्यांचं तोंड सैल ठेवा. नंतर साफ करून पुन्हा वजन. सूत्र असं: घटलेले मिलिग्रॅम गुणिले ८७.६, भागिले घनता, चौरस सेंमी आणि तास यांचा गुणाकार. उत्तर वर्षाला किती मिमी ते येतं. तोपर्यंत नवी टाकी करू नका, ड्रमवरून एलडीओ चालवा.

---

रबाळे_मेंटेनन्स
२ ऑगस्ट, रात्री ११.२०

पट्ट्या काढल्या. १७ तारखेला ठेवल्या होत्या, ३१ ला बाहेर. क्यूसीच्या पोरांनी चौदा दिवस वॉटर बाथ अडवला म्हणून शिव्या दिल्या, वडापाव देऊन मिटवलं.

एमएस, तेलात: ०.६२ ग्रॅम घट, म्हणजे वर्षाला साधारण ०.७ मिमी. एमएस, तळाच्या पाण्यात: २.९ ग्रॅम घट, म्हणजे ३.३ मिमीच्या आसपास. ३०४ च्या दोन्ही पट्ट्यांना काट्यावर फरक दिसला नाही, नुसता तपकिरी डाग.

काका, तुमच्या सूत्राने मी स्वतः दोनदा हिशेब केला. सात महिन्यांत पाण्याने दोनेक मिमी खाल्लं. तळ मध्यावर आज २.२ आहे, म्हणजे डिसेंबरात चारच्या आसपास असणार. पंधरा वर्षांत एलडीओने खाल्लं साधारण एक मिमी, आणि या मालाने सात महिन्यांत दोन. वेल्डजवळ खड्ड्यांनी आणखी घाई केली. शेठना हेच दाखवलं. टाकी जुनी होती हे खरं, पण तिचं वय या तेलाने वाढवलं.

सप्लायरला बोलावलं. पट्ट्या बघितल्या, म्हणाला, "साहेब, आमच्या बाकी कुठल्या पार्टीची कम्प्लेंट नाही." अ‍ॅसिड व्हॅल्यू विचारली तर म्हणाला, ती खाद्यतेलाची असते. मीच लॅबमध्ये पाठवलं होतं: ५८. कागद त्याच्यासमोर ठेवला. चहा न पिता गेला.

---

टाक्यांचा_डॉक्टर
३ ऑगस्ट, सकाळी ९.००

शाब्बास. आता कोटेशनचं. हेच तेल चालवणार असाल तर इपॉक्सी नको. गरम आम्लात आणि असल्या विद्रावक तेलात त्याला एक टाचणीएवढं छिद्र पडलं की सगळा हल्ला तिथेच एकवटतो. गॅल्व्हनाइज्ड तर स्वप्नातही नको, आम्लाला जस्त लोखंडापेक्षा आवडतं. ३०४ घ्या, पण तळ सपाट नको, एका बाजूला उतार आणि सर्वात खाली ड्रेन. हीटर पॉकेटही स्टेनलेसचा. पंपाचं ब्राँझ बुश बदला, सील व्हायटॉनचं. तेल पत्र्याशिवाय आणखी कुठे कुठे लागतं ते बघत बघत पार बर्नरच्या नोझलपर्यंत जा.

आणि पत्रा घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागा, शक्य असेल तर पीएमआय गन (धातूत काय काय आहे ते दाखवणारं यंत्र) लावून घ्या. ३०४ म्हणून २०० सिरीजचा जे-फोर गळ्यात मारणारे भेटतात. त्यात क्रोमियम आणि निकेल दोन्ही कमी. चुंबकाने फरक कळत नाही, दोघांनाही लागत नाही.

---

वागळे_इस्टेट_ईएचएस
३ ऑगस्ट, दुपारी १२.४५

एक कोरडा प्रश्न. तुमच्या एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतीपत्रात इंधन म्हणून काय लिहिलंय? एलडीओ लिहिलं असेल आणि तुम्ही सात महिने काजूचं तेल जाळलं असेल, तर टाकीपेक्षा मोठं भोक कागदात आहे. आधी ते बुजवा.

---

रबाळे_मेंटेनन्स
९ ऑगस्ट, रात्री १०.१५

एलडीओच लिहिलंय. शेठनी कन्सल्टंटला फोन केला आणि त्याच संध्याकाळी काजूचं तेल कायमचं बंद झालं. माझ्या पट्ट्यांनी जे तीन आठवड्यांत झालं नाही ते एका कागदाने तीन तासांत झालं. असो.

सध्या एलडीओ. पाइप गॅसची चौकशी सुरू आहे, लाइन आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलीय. टाकी तरीही ३०४ ची करतोय, ऑर्डर गेली. तळाला उतार, एका इंचाचा ड्रेन, व्हेंटला सिलिका जेल. जुन्या टाकीचा तळ गॅस कटरने वेगळा काढून वर्कशॉपमध्ये टांगलाय. उजेडासमोर धरला की तीन ठिकाणी चांदणी दिसते. स्वस्त तेलवाले दर महिन्याला एक तरी येतातच, पुढचा आला की आधी तो तुकडा त्याच्या हातात.

---

रसायनवाली_कोपरी
१० ऑगस्ट, सकाळी ७.५०

आणि वैभवचा हात?

---

रबाळे_मेंटेनन्स
१० ऑगस्ट, सकाळी ८.२०

सुकला. काळे डाग आहेत अजून, डॉक्टर म्हणाले जातील. स्ट्रेनर आता मी साफ करतोय, कोपरापर्यंत मोजे घालून.